आधी नाटक, मग कादंबरी
सोफोक्लिसचं प्राचीन ग्रीक नाटक ‘अँटिगनी’ आधी वाचाच, एका बैठकीत होतं. शेवट कळला तर मजा जाईल ही भीती सोडा. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही कथा ठाऊकच असायची. मग त्याच कथेला आजच्या ब्रिटनमध्ये आणणारी कामिला शम्सींची कादंबरी ‘होम फायर’ (२०१७) घ्या. नाटकात बहीण भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकते. इथे अनीका कराचीच्या बागेत, बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवलेल्या भावाच्या, परवेझच्या प्रेतापाशी बसून राहते, कारण ब्रिटन त्याला परत घेत नाही. तिथे मला पुस्तक मिटून थोडं थांबावं लागलं होतं. नाटकात मागे पडणारी अँटिगनीची बहीण इस्मीनी इथे अनीकाची बहीण इस्मा होऊन पहिल्याच प्रकरणात हीथ्रो विमानतळावर चौकशीला सामोरी जाते. अशा बदललेल्या जागांवर पेन्सिलीने खुणा करा. नावांच्या जोड्या लावत बसू नका. नाटकातला राजा क्रेऑन इथे कोण, ते गृहमंत्री करामत लोन बोलायला लागला की कळतंच.