पहिल्यांदाच लांबचा विमानप्रवास आहे आणि मध्ये विमान बदलायचं आहे. चढण्याआधी काय तयारी करू?

कामानिमित्त माझं विमानाने बरंच येणं-जाणं असतं, म्हणून सांगतो. तयारी करताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही राहिली तर विमानतळावर निस्तरता येईल का? येत असेल तर तिची फार चिंता करू नका. टूथब्रश, मोजे, चार्जर तिथे महाग मिळतील, पण मिळतील. तिकिटातल्या नावाची चूक, संपत आलेला पासपोर्ट, न काढलेला ट्रान्झिट व्हिसा (मधल्या देशात विमान बदलायला काही वेळा लागणारा) या गोष्टी मात्र काउंटरवर उभं राहून सुटत नाहीत. लोक नेमकं उलटं करतात. बॅग आठवडाभर भरत बसतात आणि कागद निघायच्या आदल्या रात्री काढतात.

तर आजच तिकीट आणि पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग तिकिटाशी जुळलं पाहिजे. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल, मधलं नाव एकीकडे असणं आणि दुसरीकडे नसणं, हे घोळ नेहमीचे. वेळ हातात असताना कळवलं तर विमान कंपनी बहुधा दुरुस्ती करून देते. ऐनवेळी लक्षात आलं तर नवं तिकीट काढायची पाळीही येऊ शकते.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपर्यंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच देश आणखी सहा महिन्यांची मुदत मागतात. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश), तिथून परत निघण्याच्या दिवसानंतर निदान तीन महिने शिल्लक लागतात आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो. काउंटरवरचा माणूस या बाबतीत ऐकून घेत नाही, त्याला कारण आहे: कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं.

आता विमान बदलण्याचं. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये आहेत का, हे आधी बघा. असतील तर पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं चुकल्यास दुसऱ्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही सहसा थेट शेवटच्या ठिकाणी जातं. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढली असतील तर पुढचं विमान चुकण्याचा धोका तुमच्या माथी. शिवाय मधल्या ठिकाणी सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी हवी. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. स्वस्त वेगळ्या तिकिटांच्या मी वाटेलाच जात नाही. मधे अख्खी रात्र मोकळी असेल तर गोष्ट वेगळी.

सामान देताना बॅगेला लावलेल्या पट्टीवर एक नजर टाका. तीन अक्षरी कोड असतो, तो तुमच्या शेवटच्या विमानतळाचा आहे ना? मगच बॅग पुढे सरकू द्या. जुन्या प्रवासाच्या पट्ट्या काढून टाका, बॅगेचा फोटो काढून ठेवा आणि नाव-फोन लिहिलेला कागद आतही ठेवा. बाहेरचं लेबल तुटतं. पावतीचा तुकडा जपून ठेवा. बॅग आली नाही किंवा मोडकी आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार द्या. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे (विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मोडतोडीची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची ते मिळाल्यापासून २१ दिवसांत द्यावी लागते.

हातातल्या बॅगेत औषधं (मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह), एक कपड्यांचा जोड, चष्मा आणि सगळे कागद. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडायला नको, एवढं त्यात असावं. पॉवर बँक इथेच, मोठ्या बॅगेत चालत नाही. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विझवता येते, सामानाच्या कप्प्यात ते अवघड. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. तिच्यावर लिहिलेल्या मिलिअँपिअर-तासांना (mAh) ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० वाली ७४ वॉट-तासांची, म्हणजे चालते. आकडा पुसला गेला असेल तर जप्त होऊ शकते. ती विमानात वापरू देतात की नाही, हे कंपनीगणिक वेगळं.

द्रवपदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम २००६ साली लंडनहून निघणारी विमानं द्रवस्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आल्यावर आला. मोजतात ते बाटलीचं माप, आतला ऐवज नाही. २०० ची अर्धी रिकामी बाटलीही जाते कचऱ्यात. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांनी हा नियम सैल केलाय, पण तुमच्या वाटेतला सर्वांत कडक विमानतळ धरून चाला. विमान बदलतानाही तपासणी होऊ शकते. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणीनंतर भरा. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली.

शरीराचंही थोडं. उडत्या विमानात हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात. त्यामुळे शरीरात अडकलेली हवा साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगते. सर्दीने नाक-कान बंद असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार साधारण दुप्पट होतो. मुळात तो अगदी कमी असतो, पण पूर्वी असा त्रास झाला असेल किंवा गरोदर असाल तर सल्ला घ्याच. बाकीच्यांनी मधल्या वाटेलगतची सीट घेऊन अधूनमधून उठावं. हादऱ्यांची भीती वाटत असेल तर पंखांच्या आसपासची सीट बघा, तिथे ते कमी जाणवतात.

वेळेबद्दल एवढंच की तिकिटावरची वेळ विमान जागचं हलण्याची असते. गेट त्याआधी १५-२० मिनिटं बंद होतं आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर अनेकदा तासभर आधी. तीन तास आधी पोहोचा. ऑनलाइन चेक-इन बहुधा २४ किंवा ४८ तास आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. टर्मिनल कोणतं तेही पुन्हा बघा, दोन कंपन्या एकच विमान वाटून चालवत असतील तर तिथे हमखास गोंधळ होतो.

गेटवर रांगेत सर्वांत पुढे उभं राहण्याची गरज नाही, सीट तुमचीच आहे. एक मात्र होतं: वरचे कप्पे भरले की शेवटच्यांच्या केबिन बॅगा तिथेच काढून खाली सामानात पाठवतात. म्हणून पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट एका छोट्या पाकिटात वरच्या वर ठेवा. बॅग मागितली की पाकीट काढून घ्या आणि बॅग देऊन टाका.