बदलापूर पश्चिमेला जुनं रो-हाऊस घ्यायचंय, घर आणि आजूबाजूचं नेमकं काय तपासू?

तुम्ही विचारलंय की घर पसंत आहे, स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर, शाळा-दवाखाना जवळ, आणखी काय बघावं. पश्चिमेला मी सगळ्यात आधी पुराचं बघायला सांगेन. उल्हास नदी याच बाजूला आहे. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा जुलै 2019 ला इथल्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं.

नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलीय ते सांगणारा कागद) काढा आणि पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं त्या नकाशावरच्या रेषा, विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. निळीच्या आत घर असेल तर भाव कितीही उतरवला तरी नाद सोडा. त्याच वेळी विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय तेही पाहा. आज 6 मीटरचा असून आराखड्यात 12 असेल, तर रुंदीकरणात कंपाउंड आणि बाग जाऊ शकते. एजंट ज्याला ‘समोर गार्डन’ म्हणतो ते पुष्कळदा मोकळ्या प्लॉटवरचं आराखड्यातलं नुसतं आरक्षण असतं, बाग झालेली नसते.

कागदावर न येणाऱ्या खुणा घरातच सापडतात. विजेच्या मीटरची पेटी छातीच्या वर लावलेली आणि तिच्याखाली जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकं? ती हौस म्हणून वर गेलेली नाही. दरवाजांच्या चौकटी खाली फुगल्यात का, तळमजल्यावर फक्त कमरेपर्यंतच नवा रंग आहे का, ते बघा. शेजारच्या आजी-आजोबांना ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारा. ‘आलं होतं का?’ विचारलंत तर घराचा भाव पडेल म्हणून नाहीच म्हणतील.

पिण्याचं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. ज्या वेळी येतं त्याच वेळी जा, मग ते पहाटेचे पाच का असेनात. मोटार बंद ठेवून थेट नळाखाली 15 लिटरची बादली लावा. मिनिटात भरली तर तासाला 900 लिटर. माणशी 135 लिटर धरले तर चौघांना 540 लागतात, म्हणजे छत्तीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं लागली तर तीन तास हवेत, तेवढा वेळ पाणी सहसा येत नाही. मग कारण शोधा: बहुतेक वेळा शेजाऱ्यांनी लाइनलाच मोटारी जोडलेल्या असतात आणि शेवटच्या घराला नुसती हवा येते. बोअरवेल असेल तर तिचं पाणी मे महिन्यात किती उरतं तेही विचारा.

गच्चीसाठी मालकाची परवानगी घेऊन पावसाळी पाइपांची तोंडं बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि 24 तासांनी खालचं छत पाहा. ओल बहुतेक वेळा कोपऱ्यात आणि पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे धरते. सेप्टिक टँकचं झाकण उघडायला लावा. पावसाळ्यात आसपासच्या जमिनीत पाणी भरलं की टँक तुंबतो आणि संडासातून उलटा येतो.

स्टेशनला सकाळी साडेसातला एकदा जाऊन या. बदलापूरहून सुटणारी लोकल आणि कर्जतहून भरून येणारी यांत बसायला मिळण्याचा फरक आहे, आणि रोज मुंबईला जाणाऱ्याला घराच्या चौरस फुटांपेक्षा तो जास्त जाणवतो.

कागदांचं वकील बघतीलच. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला, OC) आणि बिगरशेती आदेश (शेतजमिनीवर घर बांधायची परवानगी, NA) मात्र टोकन देण्याआधी स्वतः हातात घ्या. आणि शक्य असेल तर व्यवहार जुलैपर्यंत लांबवा, म्हणजे घर भर पावसात बघता येईल.