टॅबलेटच्या आधी कार्डाचं स्टेटमेंट उघडा

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे. चित्रं छान काढते, सध्या माझ्या मोबाइलवर बोटानेच काढते. तिला पेनवाला टॅबलेट हवा आहे. अभ्यासाचे व्हिडिओ, पीडीएफ, नोट्स हेही त्यावरच होईल. दुकानदाराने आयपॅड एअर ६०,०००, ॲपल पेन्सिल यूएसबी-सी ८,०००, कव्हर ४,००० आणि एक्स्टेंडेड वॉरंटी १२,००० असं ८४,००० चं कोटेशन दिलं आहे. २४ महिने नो-कॉस्ट ईएमआय, महिना ३,५००. रोख दिले तर ५,००० सूट. आम्हा दोघांचा मिळून ७०,००० पगार हातात येतो. क्रेडिट कार्डावर ९०,००० च्या आसपास बाकी आहे, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दर महिन्याला न चुकता भरतो, त्यामुळे ती अडचण नाही. दहा महिन्यांपूर्वी मुलीच्या चाइल्ड प्लॅनचा ६०,००० चा हप्ता पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर भरला (१,२०० पॉइंट मिळाले), तेव्हापासून बाकी तेवढीच आहे. किराणाही त्याच कार्डावर होतो. पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे. पॉलिसी १५ वर्षांची, विमा ६ लाखांचा, शेवटी १३ लाख मिळतील असं एजंट म्हणाले. दोन हप्ते भरून झालेत. अडीअडचणीसाठी दीड लाखाची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. घरात पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे. मुलगी म्हणते, ऑनलाइन चित्रांची कामं घेऊन हप्ते मीच फेडेन. ईएमआयवर घेऊ की रोख? आयपॅडच घेऊ की अँड्रॉइड?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे, ‘मिनिमम ड्यू न चुकता भरतो, त्यामुळे ती अडचण नाही.’ टॅबलेटकडे येतोच, पण आधी हे.

बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात सापडेल. ९०,००० वर महिन्याचं व्याज ३,१५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ५५०. झाले ३,७००. मिनिमम ड्यू साधारणपणे बाकीच्या पाच टक्के असतो, म्हणजे तुम्ही ४,५०० ते ४,७०० भरत असाल. त्यातून मुद्दल उतरतं जेमतेम हजाराने, आणि त्याच महिन्यात किराण्याचं बिल कार्डावर पडलं की तो हजारही पुन्हा चढतो. बाकी ‘तेवढीच’ राहते ती यामुळे. दहा महिन्यांत निव्वळ व्याज आणि करापोटी सुमारे ३७,००० रुपये गेले. १,२०० पॉइंटचे, पॉइंटमागे २५ पैसे धरले तर, ३०० रुपये आले.

मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी टळते आणि क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) खातं थकीत म्हणून जात नाही. बस, एवढंच. व्याज एक दिवसही थांबत नाही. वर, पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या तांदळावर आजपासून व्याज सुरू. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबत जाईल, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत सांगितलं आहे. तुमच्याही बिलावर तो असणार, शोधा. आणि हा दर कायद्याने खाली येईल या आशेवर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे.

आता ती हात न लावायची एफडी. सात टक्के धरले तर तिच्यातल्या ९०,००० वर वर्षाला ६,३०० मिळतात, तेही कराआधी. तेवढ्याच रकमेवर कार्ड वर्षाला ४४,००० नेतं. म्हणजे एफडी न मोडण्याची किंमत वर्षाला ३८,०००. अडीअडचणीसाठी पैसे राखले म्हणता, पण ४२ टक्क्यांचं कर्ज हीच ती अडचण आहे आणि ती दहा महिने चालू आहे. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदर अर्धा ते एक टक्का कमी करते. दीड लाखावर हा तोटा हजार-दीड हजाराचा, एका महिन्यात वसूल होतो. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर मोडण्याऐवजी एफडीवर कर्ज घ्या, ते एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी महाग पडतं.

पैसे भरताना दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, बिलावरचा ‘टोटल ड्यू’ भरला तरी पुढच्या बिलात पुन्हा काही व्याज दिसतं. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. चिडून तसंच ठेवू नका, पूर्ण भरा, नाहीतर चक्र पुन्हा सुरू. सलग दोन बिलं व्याजाशिवाय येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा आणि किराणा यूपीआयवर करा. दुसरं, ऑटो-पे लावलं असेल तर ते बँकेच्या ॲपमध्ये उघडून बघा. बऱ्याच वेळा ते मिनिमम ड्यूवर लावलेलं असतं. ते टोटल ड्यूवर करा.

एफडीतले ६०,००० शिल्लक राहतील. दरमहा मिनिमम ड्यूपोटी जाणारे साडेचार हजारही सुटतील. हे साडेचार हजार कुठे लावायचे ते खाली सांगतो.

आता चाइल्ड प्लॅन. मुलगी अकरावीत, दोन वर्षांनी कॉलेजची मोठी फी लागणार, आणि ‘शिक्षणासाठी’ घेतलेली पॉलिसी पिकेल तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर असेल. वय विचारल्याशिवाय अर्ज भरलाच जात नाही, म्हणजे विकणाऱ्याला हे समोर दिसत होतं. अशी विक्री बघून राग येतो. वर्षाला ६०,००० असे १५ हप्ते, म्हणजे ९ लाख भरून १३ लाख. ऐकायला चार लाखांचा फायदा, हिशेबाने वर्षाला साडेचार टक्के. तेही १३ लाख लेखी हमीचे आहेत, की बेनिफिट इलस्ट्रेशनमधल्या (पॉलिसीसोबतच्या अंदाजित परताव्याच्या तक्त्यामधल्या) आठ टक्क्यांच्या रकान्यातले, हे तपासा. तिथे चार आणि आठ टक्के असे दोन रकाने असतात आणि दोन्ही फक्त गृहीतकं असतात. एजंट बोट ठेवतो ते आठवर. साडेचार टक्क्यांच्या पॉलिसीचा हप्ता ४२ टक्क्यांच्या कर्जातून भरला, असा हा व्यवहार झाला आहे. यंदा तो पुन्हा करू नका.

पॉलिसीचं करायचं काय? विमा कंपनीकडे लेखी दोन आकडे मागा: आज सरेंडर केली (बंद करून पैसे परत घेतले) तर किती, आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर मुदतीअखेर किती. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केल्यास भरलेल्याचा लहान भागच परत मिळतो. १,२०,००० पैकी ३५-४० हजार आले तरी आश्चर्य नको. पेड-अपमध्ये विमा रक्कम हप्त्यांच्या प्रमाणात घटते: ६ लाखांच्या दोन-पंधरांश म्हणजे ८०,०००, तेही १३ वर्षांनी. या दोन्हींत फार फरक नाही. फरक पडतो पुढचे हप्ते थांबवण्यात. उरलेले १३ वर्षांचे ६०-६० हजार पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी वाढवून बघा, तेच १३ लाख होतात, आणि पेड-अपचे ८०,००० वर वेगळे. माझं मत: हप्ता थांबवा. फक्त त्याआधी दोघांचाही साधा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) काढून हातात घ्या. ६ लाखांचं कवच म्हणजे तुमच्या घरातला साडेआठ महिन्यांचा पगार, ते पुरेसं कधीच नव्हतं. वैयक्तिक टर्म विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

आता ईएमआय. ‘नो-कॉस्ट’मध्ये बँक व्याज घेतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज ८४,००० च दिसते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँकेचा दर १६ टक्के धरला तर ८४,००० च्या हप्त्यांत साडेबारा हजार व्याज दडलेलं आहे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, २,२५०, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी दोन-अडीचशे. रोखीची ५,००० सूट बुडते. एकूण साडेसात हजार, म्हणजे वर्षाला साधारण नऊ टक्के. खरं सांगायचं तर नऊ टक्के हा वाईट दर नाही, स्वच्छ कार्ड असलेल्या माणसाने हा ईएमआय घेतला तर मी अडवणार नाही. तुमच्या कार्डावर मात्र ३,५०० चा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये जसाच्या तसा जमा होईल, ८४,००० ची क्रेडिट लिमिट अडकेल आणि जुनी बाकी फेडायला हातात काही उरणार नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटीचे १२,००० द्यायचे नाहीत. ७२,००० च्या वस्तूवर हे सतरा टक्के झाले. अशा वॉरंटीत बहुतेक वेळा पहिल्या वर्षानंतरचा निर्मितीदोष येतो. हातातून पडून काच फुटणं येत नाही, आणि टॅबलेटला खरा धोका त्याचाच. कडा जाड असलेलं, पेनला खोबण असलेलं कव्हर घ्या.

मुलीने हप्ते फेडायची तयारी दाखवली, ही तिची समज कौतुकाची आहे. पण जे काम अजून सुरूच झालेलं नाही त्याच्या कमाईवर दोन वर्षांचे हप्ते ठरवू नका, आणि बारावीच्या वर्षात महिन्याला ३,५०० चं ओझं तर तिच्यावर अजिबात टाकू नका. पुढे कमावू लागली तर एक लक्षात ठेवा: अल्पवयीन मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही. तिच्या नावाने खातं उघडा, हिशेब वेगळा ठेवा.

आणि आता टॅबलेट. कोटेशनमधली पेन्सिल चुकीची आहे. ॲपलची २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही. हलकं टेकवा की जोरात दाबा, रेघेच्या जाडीत फरक पडत नाही. नोट्स लिहायला ती उत्तम, पण चित्रकाराला दाबच हवा. एम-२ चिपच्या किंवा नंतरच्या आयपॅड एअरला दाब ओळखणारी पेन्सिल हवी असेल तर पेन्सिल प्रो घ्यावी लागते. पेन्सिलची दुसरी पिढी त्यावर चालत नाही. साध्या आयपॅडला, म्हणजे दहाव्या पिढीच्या किंवा ए-१६ चिपवाल्याला, पहिल्या पिढीची पेन्सिल चालते, ती दाब ओळखते, पण चार्जिंगला आणि जोडणीला वेगळा ॲडॅप्टर लागतो. साध्या आयपॅडची काच पडद्याला चिकटवलेली नसते, त्यामुळे पेनचं टोक आणि रेघ यांत किंचित अंतर दिसतं. एअरमध्ये ते जाणवत नाही. शिकणाऱ्या मुलीला ते अंतर आठवड्याभरात सवयीचं होतं. त्यासाठी एअरचे जादा पैसे देण्याची गरज मला दिसत नाही.

अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या टॅब एस मालिकेचा फायदा हा की एस पेन डब्यातच येतो, दाब ओळखतो आणि चित्र काढायला त्याला चार्जिंग लागत नाही. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप फक्त आयपॅडवर आहे, एकदाच पैसे देऊन मिळतं. अँड्रॉइडवर क्रिटा मोफत आहे. क्लिप स्टुडिओला टॅबलेटवर दर महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं लागतं, ते बजेटमध्ये धरा. स्टोरेज १२८ जीबी पुरे. रॅमकडे जास्त लक्ष द्या. ए-४ आकाराचं छपाईयोग्य चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, आणि रॅम कमी असेल तर अशा कॅनव्हासवर थर (लेयर) मोजकेच मिळतात.

क्रम असा ठेवा. कार्ड कोरं झालं की मोठ्या टॅबलेटआधी जुन्या लॅपटॉपला जोडायचा, पडदा नसलेला पेन टॅबलेट घ्या. चित्र काढायची जागा दहा बाय सहा इंचांच्या आसपास असावी, पेन बिनबॅटरीचा. वॅकॉम, ह्युइऑन, एक्सपी-पेन, कोणताही चालेल. ८,१९२ की १६,३८४ दाबपातळ्या या जाहिरातीकडे बघू नका. तुमच्या कोटेशनच्या दहाव्या भागात हे बसतं आणि लॅपटॉपवर क्रिटा मोफत चालतं. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, याला दोन-तीन आठवडे त्रास होतो, तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं तरी परत करू नका. प्रवासात नोट्स, पीडीएफ वाचणं हे त्यावर होणार नाही, ते वर्षभर मोबाइल आणि लॅपटॉपवर भागवावं लागेल.

मिनिमम ड्यूचे सुटलेले ४,५०० आणि पॉलिसीचे महिन्याकाठी ५,००० असे ९,५०० तुमच्याकडे येतात. त्यातून टर्म विम्याचा हप्ता काढून उरलेले दोन आरडींत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँक ठेवींत) सारखे वाटा, एक अडीअडचणीची, एक टॅबलेटची. वर्षभरात टॅबलेटच्या नावाने ५०,००० च्या आत-बाहेर साठतील. तेवढ्यात साधा आयपॅड पहिल्या पिढीच्या पेन्सिलसह किंवा एस पेनवाला सॅमसंग रोखीने येतो, सूटही मिळते.

दुकानात मुलीला घेऊन जा आणि पैसे देण्याआधी तिला तीन गोष्टी करू द्या. पट्टी धरून अगदी सावकाश तिरप्या रेघा ओढायच्या. पेन कच्चा असेल तर रेघ नागमोडी येते. एकाच रेघेत दाब हलक्यापासून जोरापर्यंत वाढवायचा. जाडी टप्प्याटप्प्याने न उडता वाढली पाहिजे. मग तळहात पडद्यावर पूर्ण टेकवून काढायचं. हाताचे ठिपके उमटले तर ते यंत्र नको. कागदासारखी खरखरीत फिल्म लावायची असेल तर पेनची जादा टोकंही घ्या, त्या फिल्मवर टोक लवकर झिजतं.