सॉलिडिटी राहू द्या, आधी बिलाचा नंबर बघा

तुमचा प्रश्न असा: सहकारी बँकेच्या कर्ज-सॉफ्टवेअरवर चार वर्षं बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे गरज समजून घेऊन सॉफ्टवेअरचे नियम लिहिणारा) म्हणून काढलीत, आता ब्लॉकचेनकडे (अनेकांची सामाईक, मागची नोंद न खोडता येणारी डिजिटल वही) वळायचं तर सॉलिडिटी ही तिथली प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं का, आणि नाशिक सोडावं लागेल का?

सॉलिडिटी वाचता आलं तर बरंच, पण बीएचं त्यावाचून अडत नाही. बँकांकडे बरेचदा हायपरलेजर फॅब्रिक नाहीतर कॉर्डा या ब्लॉकचेन प्रणाली असतात, तिथे त्याचा फारसा संबंधच येत नाही.

ब्लॉकचेनमधलं माझं पहिलं काम बिल डिस्काउंटिंगचं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो, पैसे तीन महिन्यांनी मिळणार, म्हणून बिल दाखवून आधीच उचलतो. तेच बिल दोन फायनान्सरना दाखवलं तर? हे पकडायला ट्रेड्सच्या (छोट्या उद्योगांची बिलं ऑनलाइन वटवण्याची व्यवस्था) तेव्हाच्या तिन्ही प्लॅटफॉर्मनी २०१८ मध्ये सामाईक ब्लॉकचेन वापरायला घेतली. आमचं कामही त्याच धर्तीचं. बिल चेनवर जायचं नाही, फक्त त्याचा हॅश, म्हणजे बिलातल्या मजकुरावरून काढलेला ठसा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो, आणि त्यावरून मूळ बिल कळत नाही. म्हणजे एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला कळत नाही.

चाचणीत मी एकच बिल दोनदा टाकलं आणि दोन्ही पास! एकीकडे नंबर ‘०४७/२२-२३’, दुसरीकडे ‘४७/२०२२-२३’. अकाउंटंटच्या लेखी बिल एकच, हॅशच्या लेखी दोन. जीएसटीत बिलाचा नंबर सोळा अक्षरांपर्यंत, त्यात डॅश चालतो, तिरकी रेघही चालते. मग दोन आठवडे सातपूर-अंबडच्या अकाउंटंटांसमोर बसून नियम लिहिले: सुरुवातीची शून्यं काढायची, वर्ष वेगळ्या रकान्यात, जीएसटी क्रमांक जोडायचा, मगच हॅश. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये माझा खरा उपयोग झाला तो एवढाच, असं मला अजून वाटतं.

दुसरं भांडण चुकीच्या नोंदीचं. चेनवर खोडरबर नाही, उलट नोंद करावी लागते. ती कोणी करायची, कोणाच्या मंजुरीने, हे आधी ठरवून घ्या. नंतर प्रत्येक बँकेचा वकील वेगळं सांगतो.

आणि साध्या डेटाबेसने भागत असेल तर तसं तोंडावर सांगा. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने सेटलमेंट (सौद्यांचे शेअर-पैसे चुकते करणं) ब्लॉकचेनवर नेण्यात अनेक वर्षं घालवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये काम थांबवून सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडलं. (तेव्हा आमच्याकडेही काही चेहरे पडले होते.)

नाशिक मी तरी सोडलेलं नाही. वर्कशॉप असली की सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई, संध्याकाळच्या पंचवटीने परत. पास मात्र काढून ठेवा.