शाळेजवळच्या पानटपरीची तक्रार केली तर खरंच कारवाई होते का?

होते. दोनशे रुपयांची.

तुम्ही लिहिलंय की अंबड तालुक्यात तुमच्या मुलाच्या शाळेच्या भिंतीला लागूनच टपरी आहे, हेडमास्तर म्हणतात आमच्या हातात काही नाही आणि पोलीस म्हणतात शाळेनं लेखी द्यावं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, कारण हीच टोलवाटोलवी मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर असताना पाहिलीय आणि मी त्यात हरलेली नाही.

आमच्याकडे तंबाखूमुक्त शाळेचं काम आलं आणि शिरस्त्याप्रमाणे ते बाईच्या गळ्यात पडलं. बोर्ड लावणं, शपथ घेणं, फोटो काढणं हे सगळे करतात. खरी गंमत तंबाखूबंदीची हद्द दाखवणारा पिवळा पट्टा मारताना सुरू झाली. शाळेपासून 100 यार्डाच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटर, तंबाखू विकायची नाही. टपरीवाला म्हणे माझी टपरी तुमच्या गेटापासून सव्वाशे मीटर आहे. रस्त्यानं मोजलं तर होतीच, कारण आमचं गेट पूर्वेला आणि रस्ता शाळेला वळसा घालून मागं जातो. पण टपरी मागच्या भिंतीच्या कोपऱ्याजवळ, भिंत तिथं पडलेली, आणि सातवी-आठवीची पोरं मधल्या सुट्टीत तिथून उडी मारून पुडी घेऊन घंटेच्या आत वर्गात. तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 मध्ये सरळ 'त्रिज्या' लिहिलंय, आणि शाळांनी लावायच्या बोर्डाच्या नियमात तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून मोजा असंही आहे. मी खो-खोचं मैदान आखायची फीत घेतली, एक टोक भिंतीच्या कोपऱ्यावर एका पोराला धरायला लावलं आणि गेले. पन्नास मीटरची फीत, ती पण पूर्ण लागली नाही.

आता आमचे गणिताचे सर. वर्गात वर्तुळ, त्रिज्या, व्यास शिकवणारा माणूस स्टाफरूममध्ये मला म्हणतो, "मॅडम, माणूस रस्त्यानं जातो की हो, हवेतून उडत जायलाय का कुणी?" आणि मग ते नेहमीचं, "कामून गरिबाच्या पोटावर पाय द्यायलात? त्याची पोरगी आपल्याच शाळेत आहे." बाकीचे माना डोलावतात. का डोलावतात हेही सांगते, निम्म्या स्टाफची उधारी त्या टपरीच्या वहीत होती, सरांची सगळ्यात जास्त.

मी अर्ज दिला. आधी जमादार आले, मावा मळून घेतला, "बघतो बाई" म्हणाले आणि गेले. कायद्यानं तपासणी आणि झडती फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं करायची असते, अन्न व औषधवाले पण करू शकतात, हे मी दुसऱ्या अर्जात लिहिलं आणि त्याची प्रत जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाला पाठवली. मग फौजदार साहेब आले. पावती फाडली. कायदा 2003 चा, दंड जास्तीत जास्त 200 रुपये, तेवढ्यात मिटतं. संध्याकाळी टपरी परत चालू, आणि सर मला दारात उभे राहून हसतायत. दोनशे रुपये म्हणजे त्याच्या एका दुपारचा मावा हो.

टपरी हलली ती तंबाखूच्या कायद्यानं नाहीच. ती ग्रामपंचायतीच्या जागेत होती, कसली परवानगी नाही, कसला कागद नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं बचत गटाच्या बायकांनी विषय काढला, कारण पुड्या त्यांच्याच पोरांच्या खिशात सापडायच्या आणि कपडे धुताना कळायचं. सरपंचांना टपरीवाला पण हवा होता आणि बायकांची मतं पण, मोजणी त्यांनाही येते. ठराव झाला, टपरी फाट्यावर गेली. त्यामुळं तुम्हाला माझा सल्ला एकच, जागा कोणाची आहे ते आधी काढा. नगरपंचायतीची असो, बांधकाम खात्याची असो, अतिक्रमणाचा अर्ज आणि तंबाखूचा अर्ज एकाच दिवशी द्या. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट, नाहीतर तुमचा अर्ज आलाच नव्हता.

अर्जात अजून एक घाला. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू देणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दोनशे रुपयांचं कलम वाचून जो साहेब जांभई देतो तो हे वाचून चष्मा लावतो. गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं वेगळी तक्रार, राज्यात 2012 पासून बंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो आणि दरवर्षी माल मिळतो. 2020 मध्ये सुट्टी सिगरेट-बिडी विकायला पण बंदी घातली, आमच्या फाट्यावर अख्खं पाकीट घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाचं पण विचारलंय तुम्ही. 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, शाळेच्या आवारात कोणी बिडी ओढली तर मुख्याध्यापक, शिक्षक पण दंड करू शकतात, म्हणजे तुमच्या हेडमास्तरांच्या हातात निदान एवढं आहे, त्यांना सांगा. पण आपल्याकडं ओढणारे आहेत किती? 2016-17 च्या सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आत आणि खाणारे 24 टक्क्यांच्या वर निघाले. गायछाप मळून बार भरणाऱ्याला धूम्रपानबंदीचं कलम लागतच नाही, तो बोर्डाखालीच उभा राहतो आणि बोर्डावरच पिचकारी मारतो. थुंकण्याचे नियम वेगळे, त्यांची अंमलबजावणी म्हणजे विचारूच नका.

बरं, हे सगळं करताना पुरावा म्हणून एखाद्या पोराला पैसे देऊन पुडी आणायला पाठवू नका, लोक हा शहाणपणा करतात आणि पोरगं अडचणीत येतं. लहान गावात नावानिशी अर्ज दिला की घरापर्यंत बोलणी येतात, माझ्याकडं आली होती, तेव्हा चार पालकांच्या सह्या घ्या. आणि मी काही वकील नाही.

राहिला पोटावर पाय. टपरी बंद करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तो फाट्यावर आता चहा, भजी, रिचार्ज सगळं करतो, तंबाखू पण विकतो, तिथं शाळा नाही म्हणून मी काही बोलत नाही, आणि धंदा पहिल्यापेक्षा बरा आहे असं त्याच्या बायकोनंच मला सांगितलं. पोरगी दहावी झाली. सर रिटायर होऊन गावातच आहेत आणि पुडीसाठी रोज फाट्यापर्यंत चालत जातात. रस्त्यानंच.