गावाकडची जुनी मेथडिस्ट चर्च इतकी साधी का असतात?

अमेरिकेतल्या खेड्यातलं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं जुनं चर्च म्हणजे नुसती लाकडी खोली, असं का विचारलंय, तर मुळात सुरुवातच उघड्यावर झाली ना. पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलला मोकळ्या जागेत प्रवचनं दिली, पुढे अमेरिकेत प्रचारक घोड्यावरून फिरायचे, खोगिराच्या पिशवीत बायबल नि एखादा जास्तीचा सदरा, एकेकाच्या वाट्याला वीसेक ठिकाणं, त्यामुळे परत फेरी यायला महिना-दीड महिना जायचा आणि तोवर गावकरीच आपसात प्रार्थना उरकायचे. आधी कुणाच्या तरी घरात जमायचं, पैसे जमले की खोली, टोलेजंग काही बांधणार कोण! आपल्या पुण्याचंही कनेक्शन आहे बरं का, सर्व्हे खात्यात नोकरी करणारे विल्यम ओल्डहॅम इथल्याच एका सभेत मेथडिस्ट झाले आणि १८८५ ला सिंगापूरला जाऊन त्यांनी मिशन काढलं.