अवकाश स्थानक तुकड्यातुकड्यांनी वर नेऊनच का जोडतात?

तुम्ही विचारलंय की अख्खं स्थानक जमिनीवरच बांधून एकदाच का सोडत नाहीत, वर जोडाजोडी करण्यात धोका नाही का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तेवढं वजन एका खेपेत उचलेल असं रॉकेटच नाही. १९७३ साली अमेरिकेचं स्कायलॅब हे स्थानक एका खेपेत गेलं, पण ते सत्तर-ऐंशी टनांचं होतं आणि त्यालाही चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ रॉकेट लागलं. आजचं आंतरराष्ट्रीय स्थानक चारशे टनांच्या वर आहे. त्याचे पहिले दोन भाग, झार्या कझाकस्तानातल्या बायकोनूरहून आणि युनिटी फ्लोरिडाहून, डिसेंबर १९९८ मध्ये कक्षेतच जोडले गेले.

धोका मात्र खराच आहे, आणि तो सगळा जोडात आहे. मी प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे आत दाब धरून ठेवणाऱ्या टाक्यांच्या, फिटिंगचं काम करतो. फ्लँजच्या (जोडाच्या कडेच्या) फेसवर पुसायच्या कॉटन वेस्टचा एक धागा राहिला तरी हायड्रो टेस्टला, म्हणजे दाबानं पाणी भरून तपासताना, पाणी झिरपतं, आणि आवळलेले सगळे बोल्ट पुन्हा सोडावे लागतात. स्थानकाच्या अमेरिकन बाजूच्या खोल्या जोडताना १६ बोल्ट मोटरनं आवळतात आणि मध्ये रबरी सीलच्या तीन रांगा असतात. आत आपल्यासारखीच हवा, बाहेर काहीच नाही. जोडाचा व्यास दोन मीटर धरा, तर तीसेक टनांचा जोर त्या दोन खोल्यांना सतत एकमेकींपासून ढकलत असतो.

एप्रिल १९८७ ची गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. सोव्हिएत रशियाच्या मीर स्थानकाला क्वांत नावाचा भाग येऊन टेकला, पण घट्ट बसेना, थोडी फट राहिली. रोमानेन्को आणि लाव्हेइकिन हे अंतराळवीर सूट घालून बाहेर गेले. जमिनीवरच्या लोकांनी क्वांत थोडा मागे सरकवला, तेव्हा दिसलं की मध्ये एक पिशवी अडकली आहे, बहुधा कचऱ्याची. जाड हातमोज्यांनी ती ओढून ओढून काढली, आणि मग जोड बसला. पुढे कित्येक वर्षं तो भाग मीरबरोबर फिरत राहिला.

म्हणूनच १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह, प्रत्येकी साधारण २२० किलोचे, कक्षेत जोडले तेव्हा मला फार भरून आलं. भारतीय अंतरिक्ष स्थानक पाच भागांचं होणार आहे, २०३५ पर्यंत पूर्ण करायचा बेत आहे. त्याच्या प्रत्येक भागाला हेच करावं लागेल: हळू जवळ यायचं, धरायचं, आवळायचं. स्पेडेक्समध्ये पुढे दुसऱ्यांदा जोडल्यावर एका उपग्रहातून दुसऱ्याला वीज देऊनही पाहिली. आमच्याकडे जोडाला टेस्ट दिल्याशिवाय व्हेसल बाहेर जात नाही, तसंच हे.